भावाची चिठ्ठी

अकोल्याच्या बाजार समितीत आज तूर काय भावाने गेली, असे तुम्हांला कुणी विचारले तर काय कराल? तुम्ही कितीही हुशार असलात तरी डोळे मिटून विचार केल्याने उत्तर सापडणार नाही. बाजारात जावे लागेल, एखाद्या अडत्याला फोन करावा लागेल किंवा समितीचा फलक पाहावा लागेल. भाव विचारूनच कळतो.

नेमकी हीच अडचण आजच्या बोलक्या संगणकांची आहे. अफाट मजकूर वाचून शिकलेल्या त्यांच्या आज्ञावलीला भाषा मॉडेल म्हणतात. तिचे वाचन एका तारखेला थांबलेले असते. आता बिटकॉइन हे २००९ साली सुरू झालेले संगणकी नाणे घ्या. (भारतात ते कायदेशीर चलन नाही.) २०२१ च्या नोव्हेंबरात त्याचा भाव ६८ हजार डॉलरांच्या वर गेला होता आणि वर्षभराने तो १६ हजारांच्या आसपास होता. ज्याचे वाचन पहिल्या महिन्यात थांबले, त्याने दुसऱ्या महिन्यात दिलेले उत्तर चौपट चुकेल. आणि तेही अगदी ठाम आवाजात!

वऱ्हाडाला दूरच्या भावाची ही ओढ नवी नाही. १८६७ साली रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. १८७० साली मुंबई समुद्राखालच्या तारेने विलायतेशी जोडली गेली. लिव्हरपूलच्या कापसाचा भाव बोटीच्या टपालाने यायला आठवडे लागत, तो आता तारेने येऊ लागला. पेढीवरचा मुनीम तारघरात चिठ्ठी पाठवी आणि उत्तराची वाट पाही. तो स्वतः लिव्हरपूलला जात नसे, हे लक्षात ठेवा.

संगणकातही तसेच घडते. भाव आणून देणारे साधन म्हणजे एक छोटी, साधीसुधी आज्ञावली. तिचे नाव काय, ती काय करते आणि तिला काय सांगावे लागते, एवढी माहिती मॉडेलला आधी दिलेली असते. तुम्ही प्रश्न विचारला की मॉडेल ठरावीक नमुन्यात चिठ्ठी लिहिते : 'नाणे बिटकॉइन, भाव रुपयांत.' ती आज्ञावली चिठ्ठी घेऊन इंटरनेटवरील भावांच्या भांडाराकडे जाते, आकडा आणते आणि मॉडेल तो वाचून तुम्हांला सांगते. मॉडेल पेढीवरच बसलेले असते! अशी साधने वापरून, पायरीपायरीने, मालकाचे काम पार पाडणाऱ्या मॉडेलला एजंट म्हणतात.

यात अवघड ते काय? चिठ्ठी.

समजा, मुनिमाने लिहिले, 'कारंजाचा भाव कळवा.' कोणते कारंजा? वाशीम जिल्ह्यातील कारंजा लाड, की वर्धा जिल्ह्यातील कारंजा घाडगे? संगणकी नाणी आज हजारोंनी आहेत आणि त्यांची तीन-चार अक्षरी लघुनावे अनेकदा सारखीच असतात. म्हणून चांगले साधन लघुनावावर भागवत नाही. प्रत्येक नाण्याची वेगळी, न बदलणारी ओळख मागते.

पुढचा घोटाळा मापाचा. शेतकरी सरकीसह कापूस क्विंटलवर विकतो, तर व्यापारी रुईचा भाव खंडीवर बोलतात. खंडी म्हणजे सुमारे ३५६ किलो. समजा, खंडीचा भाव ५३,४०० रुपये आहे. म्हणजे रुई किलोला १५० रुपये आणि क्विंटलला १५,०००. 'खंडी' हा शब्द गळून नुसता ५३,४०० हा आकडा पोचला, तर तो क्विंटलचा समजणारा साडेतीनपटीहून जास्त फसेल. डॉलर आणि रुपये यांत तर याहून मोठी गल्लत होते.

शिवाय बिटकॉइनचा जगभर एकच भाव नसतो. त्याचे अनेक बाजार रात्रंदिवस चालतात आणि प्रत्येकात आकडा थोडा निराळा असतो. बहुतेक भांडारे त्यांची सरासरी काढून देतात. पुष्कळदा तो आकडा मिनिटभर, कधी त्याहून जास्त वेळ, साठवून तोच पुन्हा दिला जातो. म्हणून उत्तरासोबत वेळ हवीच.

तुम्ही नुसते विचारत आहात तोवर चूक फार महाग पडत नाही. परंतु 'भाव अमुक झाला की विकून टाक' असे एजंटाला सांगून मालक झोपला असेल तर? आकडा विचित्र दिसला की माणूस दचकतो, पुन्हा विचारतो. एजंटाला ही सवय मुद्दाम लावावी लागते : आकडा जुना असेल, किंवा दोन ठिकाणांचे आकडे जुळत नसतील, तर थांब आणि मालकाला उठव. माझ्या मते भाव पाहण्याचे साधन आणि विकण्याचे साधन वेगळेच ठेवावे आणि दुसऱ्याची किल्ली सहजी देऊ नये.

वऱ्हाडाने असा बंदोबस्त पूर्वीच केला होता. १८८६ साली कारंजा (लाड) येथे नियमांनी बांधलेला बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा आला. मोजणारा कोण, वजने कोणती, दलाली किती, यांवर देखरेख आली.

आता हे करून पाहा. एकाच दिवशी अकोला आणि अमरावती बाजार समित्यांचे तुरीचे भाव मिळवा. आवक, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण असे आकडे मिळतील. ते वहीत उतरवा. शेजारी तारीख, माप आणि कुठून मिळाले तेही लिहा. मग शेजारच्या मित्राला फक्त आकडे दाखवा, बाकीचे रकाने झाका आणि विचारा : तूर कुठे विकावी?