एका खाचरात दोन भात

सकाळी 6.30
राजूरच्या शिवारात दव अजून जड आहे. ओलं भात कापलं तर काट्यावर पाणीच चढतं, म्हणून विळे बाजूला. बांधावर चहा होतो आणि वादाची उजळणीही. तात्या म्हणतात, चारसूत्रीनं भात दुप्पट येतं. दादा म्हणतात, दोरी धरून लावण्यात मजुरी जाते, भात येतं तेवढंच येतं. दोघंही अनुभवाचं बोलतात. पण तात्यांचं खाचर ओढ्याला, दादांचं माळाकडं. ही दोन शेतं एकमेकांशी ताडून वाद मिटणार नव्हता.

8.00
म्हणून आवणीच्या वेळीच चार खाचरं घेऊन प्रत्येकाचे दोन भाग केले. कोणत्या भागात चारसूत्री, हे नाणं उडवून ठरलं. वाण इंद्रायणी, रोपं एकाच वाफ्यातली, लावणी एकाच दिवशीची. डॉ. सावंतांच्या या चारसूत्री पद्धतीत तुसाची राख आणि पेंढा वापरतात, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडतात, 15 आणि 25 सेंटिमीटर अंतरानं आलटून पालटून लावणी करतात आणि चार चुडांच्या मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोचतात. हेक्टरी 62,500 गोळ्या, साधारण 170 किलो.

दुसऱ्या भागातही तेवढंच खत फोकून द्यायला मी लावलं. दादा नाराज झाले. "साहेब, एवढं खत मी कधीच टाकत नाही." त्यांचं म्हणणं रास्त होतं. पण एकीकडे खत आणि दुसरीकडे काहीच नाही, असं केलं तर खताचीच परीक्षा झाली असती. राख वाफ्यातच टाकलेली, ती दोन्हीकडच्या रोपांना मिळाली. तेव्हा राखेचा गुण-अवगुण या कापणीत कळणार नाही. हे वहीत लिहून दोघांना वाचून दाखवलं.

10.00
दव उतरलं. तात्या सांगतात, "इथं धरा, इथं लोंब्या भरल्यात." पण कुठं कापायचं ते चिठ्ठीतला आकडा सांगतो: बांधापासून इतकी पावलं आत, इतकी आडवी. तिथं खुंटी ठोकून 10 बाय 5 मीटरचा तुकडा दोरीनं आखतो.

तुकडा एवढा मोठा का, याची गोष्ट मला फार मोलाची वाटते. साताऱ्याच्या बुध गावात 1911 साली जन्मलेल्या संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग सुखात्मे यांनी 1946 मध्ये 'नेचर'मध्ये दाखवलं, की छोट्या तुकड्याच्या कापणीतून उत्पन्न फुगून दिसतं. कडेवरचा चूड आत की बाहेर, या शंकेत माणसाचा हात आत ओढण्याकडे वळतो. एक मीटर चौरसात दर चौरस मीटरमागं कड चार मीटर. आमच्या तुकड्यात जेमतेम 60 सेंटिमीटर. यावरून सुखात्म्यांचा महालनोबिसांसारख्या दिग्गजाशी मतभेद झाला. सुखात्म्यांनी वेगवेगळ्या आकाराचे तुकडे कापून, तोलून उत्तर दिलं.

दोरीवरच्या चुडाचा नियम आम्हीही कापणीआधीच ठरवला: बुंधा निम्म्याहून जास्त आत असेल तरच घ्यायचा.

दुपारी 12.00
कापणी, झोडणी, पाखडणी. प्रत्येक तुकड्याचं भात वेगळ्या ताडपत्रीवर. जेवण उभ्याउभ्याच.

3.00
पोत्यांवर आकडे टाकायचं काम शाळेच्या गुरुजींकडे. कुठला आकडा कुठल्या पद्धतीचा, ते बंद पाकिटात. काटा धरणारा पोरगा तात्यांचा पुतण्या, म्हणून ही काळजी. त्याच्यावर अविश्वास नाही. पण काटा हलत असताना कुठला आकडा वाचावा हे मनच ठरवतं, आणि ते कुणाचंही ठरवतं.

आजचं वजन कच्चं. भात 14 टक्के ओलाव्यावर आलं की पुन्हा तोलायचं, मग पाकीट फोडायचं. निकालाची अट आवणीलाच लिहिली आहे: चारही खाचरांत चारसूत्री पुढं असेल तर तात्यांचं "जास्त येतं" खरं, "दुप्पट" मात्र दुप्पट भरलं तरच. कुठं पुढं, कुठं मागं असं झालं, तर कुणीच जिंकलं म्हणायचं नाही, पुढच्या खरिपात पुन्हा लावायचं.

5.30
पोती शाळेच्या खोलीत, कुलूप. दादांनी लावणीच्या मजुरीचा हिशेब दोन्ही भागांसाठी वेगवेगळा लिहून आणला होता. भात वाढलं आणि मजुरी त्याहून वाढली, तर त्यांचा मुद्दा उभाच राहतो. तात्यांनी कागद दोनदा वाचला, एका ठिकाणी बाईमाणसांची मजुरी कमी धरली होती ती दुरुस्त करून घेतली आणि दादांच्या खाली सही केली.