दुर्बीण आणि गुंगी: ऐकीव गोष्टी, खऱ्या गोष्टी

अंधेरी असो वा मुलुंड, एंडोस्कोपीची चिठ्ठी हातात पडली की पहिला प्रश्न ठरलेला: 'पूर्ण भूल देणार का?' सहसा नाही. तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहायला पाच-दहा मिनिटं पुरतात. अनेकांचं घशातल्या लिग्नोकेनच्या कडू फवाऱ्यावरच भागतं. घशाशी उमळतं, पण जीव गुदमरत नाही, कारण दुर्बीण अन्ननलिकेत जाते. श्वासनलिका मोकळीच असते. बधिरपणा उतरेपर्यंत मात्र चहाचा घोटही नको, ठसका लागून तो श्वासनलिकेत जाऊ शकतो.

'मला गाढ झोपवलं होतं, काही कळलं नाही.' असं सांगणारे बरेचजण प्रत्यक्षात हाकेला ओ देत होते. मिडाझोलाम गुंगी आणतं, शिवाय त्या वेळची आठवणही पुसतं.

प्रोपोफॉल वेगळं. दुधासारखं पांढरं, मिनिटभरात झोप, थांबवलं की काही मिनिटांत जाग. 2009 मध्ये मायकेल जॅक्सन यानंच गेला म्हणून लोक धास्तावतात; पण त्याला ते घरी, पुरेशा देखरेखीशिवाय दिलं गेलं होतं. उलट 'लवकर उतरतं म्हणजे निर्धोक' हेही चूक. मिडाझोलामवर फ्लुमाझेनिलचा उतारा आहे, प्रोपोफॉलवर कुठलाच नाही. डोस जास्त झाला तर श्वास मंदावतो, थांबतोही. म्हणून श्वासावर लक्ष ठेवणारा माणूस दुर्बीण चालवणाऱ्या डॉक्टरहून वेगळा हवा. तो कोण, हे बेधडक विचारावं. बोटाचा ऑक्सिमीटर पुरेसा नाही: नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल, तर श्वास थांबल्यावरही आकडा काही वेळ चांगलाच दिसतो. श्वासावर नजर ठेवणारं कॅप्नोग्राफ हे यंत्र ते आधी पकडतं.

कोलोनोस्कोपीत कळ येते ती बहुतेक आतडं ताणलं-फुगवलं गेल्यानं. हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड भरला तर तो लवकर शोषला जातो आणि नंतरची पोटफुगी कमी होते.

'चहा-बिस्किट म्हणजे काय जेवण?' जेवणच. दूध आणि घन पदार्थ 6 तास आधी बंद, साधं पाणी 2 तास आधी; डॉक्टरांनी वेगळं सांगितलं तर तसं. रात्री घोरणं, झोपेच्या गोळ्या, वजन उतरवायची सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं, सगळं आधीच सांगावं. या इंजेक्शनांनी जठर उशिरा रिकामं होतं.

आणि 'तासाभरात टवटवीत वाटतंय, बोरिवली फास्ट पकडतो' हे नको. गुंगी घेतली तर 24 तास स्कूटर नाही, व्यवहाराच्या सह्या नाहीत. एकट्या आलेल्या पेशंटला गुंगी नाकारतात, ती अडवणूक नव्हे.