ज्वालामुखीचा खालचा सूर
ज्वालामुखीखालचे सगळे भूकंप एका जातीचे नसतात. खडक तडकला तर भूकंपमापकावर टोकदार, चटकन विरणारी नोंद उमटते. भेगांत कोंडलेला वायू किंवा शिलारस थरथरला, की कंपने संथ होतात : सेकंदाला साधारण अर्धे ते पाच. ही दाब वाढल्याची खूण, असे अमेरिकेच्या भूसर्वेक्षण विभागातील बर्नार्ड शुए यांनी मांडले. अलास्कातील रिडाउटच्या १९८९-९० च्या उद्रेकांआधी अशा कंपनांची रांग लागली होती. कोलंबियातील गॅलेरासवर मात्र ती मोजकीच दिसली. इतक्याशावर विश्वास कोण ठेवणार? तिथल्याच १४ जानेवारी १९९३ च्या उद्रेकात सहा शास्त्रज्ञ आणि तीन पर्यटक दगावले. डिसेंबर २०००मध्ये मेक्सिकोतील पोपोकातेपेत्लच्या पायथ्याची हजारो माणसे मात्र अशाच कंपनांची दखल घेऊन उद्रेकाआधीच हलवली गेली.