पंखा नव्हे, पवनचक्की

मागच्या उन्हाळ्यात दुसरबीडजवळ रस्त्याच्या कडेला एक लांबच लांब ट्रेलर चाक बदलण्यासाठी थांबला होता आणि त्यावर पवनचक्कीचे एकच एक पाते, उपड्या घातलेल्या होडीसारखे, आडवे पडले होते. मी ते पावलांनी मोजले. नव्वद पावले भरली. भोवती जमलेल्या मंडळींपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांनी पात्यावर हात ठेवला आणि ते म्हणाले, “लहान पंखे होते तरी तिकडले ढग पळाले. आता एवढाले बसवणार, मंग आपल्याकडं पाणी कायचं येतं भाऊ?”

हा प्रश्न मी सातारा, सांगली आणि धुळे या तिन्ही जिल्ह्यांकडून आलेल्या माणसांच्या तोंडून वीस वर्षे ऐकत आलो आहे, आणि प्रत्येक वेळी त्याचे उत्तर शांतपणे देण्याचा निश्चय करूनही माझा धीर सुटतो. कारण जुनी यंत्रे उतरवून त्यांच्या जागी अधिक शक्तिशाली यंत्रे उभारण्याची जी योजना सांप्रत देशभर चालू आहे, तिच्याविषयी शेतकऱ्याने विचारायचे खरे प्रश्न पवनचक्की ढग पळवते या एका समजुतीखाली गाडले जातात.

समजुतीचे मूळ मला एका शब्दात दिसते. खेड्यापाड्यांत पवनचक्कीला ‘पंखा’ म्हणतात. घरातला पंखा वीज खातो आणि वारा देतो. पवनचक्की वारा खाते आणि वीज देते. तिच्यामागून निघणारा वारा पुढल्या वाऱ्यापेक्षा मंदावलेला असतो, आणि जे यंत्र वाऱ्याचे बळ काढून घेते ते ढगाला ढकलण्यासाठी बळ कोठून आणणार? शिवाय आपल्याकडे बसवल्या जाणाऱ्या नव्या मोठ्या यंत्राच्या पात्याचे टोक जमिनीपासून सुमारे 200 मीटरांवर पोहोचते, तर मोसमी वाऱ्यांचा मुख्य ओघ सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून वाहतो आणि धो धो पाऊस देणाऱ्या ढगांचे माथे दहा-बारा किलोमीटरांपर्यंत चढलेले असतात. एक चौरस किलोमीटर शिवारावर 1 सेंटिमीटर पाऊस पडला, तर तेवढ्या बाष्पाचे पाणी होताना आकाशात जी उष्णता मोकळी होते ती विजेच्या मापाने सुमारे 69 लाख युनिट भरते. 3 मेगावॅटची पवनचक्की पूर्ण शक्तीने अहोरात्र फिरत राहिली तरी तेवढी वीज निर्माण करण्यास तिला तीन महिन्यांहून अधिक काळ लागेल. आमच्या विदर्भाचा बराचसा पाऊस तर बंगालच्या उपसागरात उठून पश्चिमेकडे सरकणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांवर अवलंबून असतो. साताऱ्याच्या डोंगरावरील यंत्रांचा त्याच्याशी संबंध जोडणार तरी कसा?

लोक डोळ्यांनी पाहतात ते मात्र खोटे नव्हे. घाटमाथ्याच्या पूर्वेस पर्जन्यछायेच्या मुलखात आषाढात ढग धावत जातात, वारा जोराने वाहतो, पाती गरगर फिरतात आणि पाऊस पडत नाही. पण पाती फिरतात ती वाऱ्यामुळे, आणि ढग पळतात तेही वाऱ्यामुळेच. माण-खटावचा दुष्काळ पवनचक्क्यांहून कितीतरी जुना आहे, आणि 1972 साली महाराष्ट्र होरपळला तेव्हा राज्यात वीज निर्माण करणारी पवनक्षेत्रे मुळी नव्हतीच. उलट साताऱ्याकडील चाळकेवाडीच्या पठारावर, जिथे पवनचक्क्या उभ्या आहेत, पावसाळ्यात ढग प्रत्यक्ष मनोऱ्यांना वेढून बसतात, आणि त्याच पठारावर पाऊस भरपूर कोसळतो.

परिणाम काहीच होत नाहीत, असेही मी म्हणणार नाही. अमेरिकेतील टेक्सासमध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून 2012 साली असे दिसले की, पवनक्षेत्रात रात्री वरची-खालची हवा ढवळली जाऊन जमिनीलगत किंचित ऊब वाढते. आणि चाळकेवाडीच्याच पठारावर भारतीय विज्ञान संस्थेच्या मारिया ठाकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या, 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यंत्रांच्या परिसरात शिकारी पक्षी फार कमी आणि सरडे पुष्कळ अधिक आढळले. चिंता वाहायची तर ही वाहावी.

आता जुन्या-नव्याचा हिशोब. खळ्यावर धान्य उफणताना आपण तिवईवर चढतो, कारण हातभर उंचीनेही वारा बरा लागतो. पवनचक्कीचा मनोरा म्हणजे तीच तिवई. वाऱ्याची शक्ती त्याच्या वेगाच्या घनाने वाढते, आणि चक्राच्या व्यासाच्या वर्गाने त्याचे क्षेत्रफळ वाढते. म्हणून 33 मीटर व्यासाच्या 350 किलोवॅटच्या जुन्या यंत्राऐवजी 140 मीटर व्यासाचे यंत्र बसवले की वारा पकडणारे क्षेत्र सुमारे अठरापट होते. चेन्नईच्या राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने महाराष्ट्राची पवनक्षमता 120 मीटर उंचीवर सुमारे 98 हजार मेगावॅट आहे, तर 150 मीटरांवर ती सुमारे 1 लाख 74 हजार होते. देशात 2 मेगावॅटहून लहान यंत्रे बदलून सुमारे 25,400 मेगावॅटला वाव असल्याचा अंदाजही याच संस्थेचा. केंद्र सरकारचे 2016 चे धोरण 1 मेगावॅटपर्यंतच्या यंत्रांपुरते होते. डिसेंबर 2023 मध्ये त्याची व्याप्ती वाढवण्यात आली.

मोठे पाते संथ फिरते म्हणून वीज कमी देते, हे खरे नव्हे. फेरे थोडे असले तरी पात्याचे टोक जवळजवळ जुन्याच वेगाने जाते. उतरवलेले यंत्र सगळेच भंगारात वाया जाते, हेही खरे नव्हे. पोलाद व तांबे पुन्हा वितळते, अडचण असते ती काचतंतूंच्या पात्यांची. गावाला वीज फुकट मिळते, ही आशा करू नये. ती थेट विद्युतजाळ्यात जाते.

मग जुनी यंत्रे बदलण्याचे हे काम इतके रेंगाळते का? नव्वदीच्या दशकात पहिल्याच वर्षी शंभर टक्के घसाऱ्याची करसवलत मिळत असल्याने कित्येक व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी एकेक-दोनदोन यंत्रे घेतली. आज एकाच पठारावर अनेक मालक, अनेक करार आणि वेगवेगळ्या मुदती आहेत, आणि आठ-नऊ लहान यंत्रांच्या जागी एक मोठे बसवायचे तर त्या सर्वांची संमती लागते. ग्रामसभेत हरकत घ्यायची ती येथे घ्यावी: जुन्या भाडेपट्ट्याची मुदत संपल्यावर मोबदला नव्याने ठरणार काय, ट्रेलरांनी खचलेला शिवाररस्ता कोण दुरुस्त करणार, आणि उतरवलेल्या मनोऱ्याखालचा सिमेंट-लोखंडाचा पाया उकरून नेण्याची तजवीज दस्तऐवजात लिहिली आहे काय? ती लिहिली नसेल, तर यंत्र गेल्यावरही तो पाया वावरात तसाच राहतो आणि तेवढ्या जागेत नांगर चालत नाही.