दोन किलोबाइटचा संसार

"तुमच्या घरात कॉम्प्युटर किती?" असे मंडळाच्या एखाद्या कार्यक्रमात विचारले, तर बहुतेक जण मुलांचे लॅपटॉप आणि सगळ्यांचे फोन मोजून "सहा-सात" असे उत्तर देतील. हे उत्तर चुकीचे आहे. मायक्रोवेव्ह, कपडे धुण्याचे यंत्र, भात शिजवायचा कुकर, मोटारीची किल्ली, आजोबांचे रक्तदाब मोजायचे यंत्र आणि जानेवारीत उणे तीसच्या थंडीत आपला जीव सांभाळणाऱ्या फर्नेसचा थर्मोस्टॅट, या प्रत्येकाच्या पोटात एक-एक छोटा कॉम्प्युटर बसलेला असतो. त्याला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. त्याला पडदा नाही, कीबोर्ड नाही, कौतुक तर अजिबातच नाही. तो बंद पडला की मात्र आपल्याला त्याची आठवण होते.

मी शिक्षणाने आणि पोटापाण्याने रसायनशास्त्राचा माणूस. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण प्रयोगशाळेतले पंप, तराजू आणि तापमान नियंत्रक यांच्याशी माझा रोजचा संबंध येतो आणि त्या सगळ्यांच्या आत हाच प्राणी असतो. दुसरे कारण म्हणजे, या छोट्या कॉम्प्युटरांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याची जी नवी भाषा सध्या गाजते आहे, तिचा जन्म आपल्या कॅनडातला आहे.

जागा किती?

हौशी मुलांमध्ये लोकप्रिय असलेला आर्डुइनो ऊनो बोर्ड घ्या. त्यावरच्या एटीमेगा-३२८पी या चिपमध्ये प्रोग्रॅम साठवायला ३२ किलोबाइट जागा असते आणि काम करताना लागणारी मेमरी फक्त २ किलोबाइट. म्हणजे २०४८ बाइट. आपल्या देवनागरीतले एक चिन्ह आजच्या प्रचलित पद्धतीने साठवायला ३ बाइट लागतात, आणि काना-मात्रा वेगळे मोजायचे. तेव्हा त्या मेमरीत जेमतेम ६८२ चिन्हे मावतील. तुम्ही वाचत असलेल्या या लेखाचा एक मोठा परिच्छेद ठेवला की घर भरले!

लॅपटॉपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमला घरात सगळी सोय असते. मेमरी मागितली की मिळते, फाइल उघडता येते, पडद्यावर लिहिता येते. ही सोय काही अंशी ऑपरेटिंग सिस्टीम पुरवते आणि काही अंशी भाषेबरोबर येणारा लवाजमा. या लवाजम्याला रनटाइम म्हणतात. एखाद्या भाषेचा रनटाइम मोठा असतो, एखादीचा लहान. जेम्स गॉसलिंग हे कॅल्गरीजवळ वाढलेले आणि १९७७ साली कॅल्गरी विद्यापीठाचे पदवीधर झालेले. त्यांची जावा भाषा १९९५ मध्ये आली. तिच्या रनटाइममध्ये वापरून झालेली मेमरी गोळा करणारा एक सफाई कामगारच असतो. मोठ्या घरात तो परवडतो. दोन किलोबाइटच्या खोलीत मात्र तो कामगार आणि त्याची झाडूच सारी जागा व्यापून टाकतील. म्हणून इथे अशी भाषा लागते जी जवळजवळ काहीही बरोबर आणत नाही. आपणही या देशात दोन बॅगा घेऊनच उतरलो होतो, तेव्हा हे समजायला आपल्याला जड जाऊ नये.

सी भाषा आणि पत्त्याची चिठ्ठी

गेली कित्येक वर्षे हे काम मुख्यतः सी भाषेने केले. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ती १९७२ च्या सुमारास घडवली. रिचींसोबत तिचे प्रसिद्ध पुस्तक १९७८ मध्ये लिहिणारे ब्रायन कर्निघन हे टोरांटोत जन्मलेले आणि टोरांटो विद्यापीठात शिकलेले. आपल्यातल्या बऱ्याच इंजिनिअर मंडळींनी मात्र सी शिकली ती नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी' या पुस्तकातून. त्यांची नावे इथे घेत नाही, पण ते पुस्तक अजून बऱ्याच तळघरांतल्या खोक्यांत असेल.

सी चा रनटाइम अगदी लहान, वेगही उत्तम. पण ती वापरणाऱ्यावर पूर्ण विश्वास टाकते आणि गोची तिथेच होते. मंडळाच्या मोठ्या पातेल्याचे उदाहरण घेऊ. गणेशोत्सवानंतर पातेले कोणाकडे आहे याची एक चिठ्ठी आपण लिहून ठेवतो: "अमक्यांच्या तळघरात, डावीकडे." सी मधला पॉइंटर म्हणजे अशीच पत्त्याची चिठ्ठी. पुढे ते कुटुंब घर विकून दुसऱ्या गावी गेले. चिठ्ठी आपल्या खिशात तशीच आहे. आपण जाऊन त्या तळघरातल्या डाव्या कोपऱ्यातली वस्तू उचलली, तर ते पातेले असेलच असे नाही. नव्या मालकाचा फ्रीझरही असू शकेल! सी भाषा आपल्याला अडवत नाही. दहा कप्प्यांच्या कपाटातला बारावा कप्पा उघडायला सांगा, तोही ती उघडते. मग तो शेजाऱ्याच्या घरातला का असेना.

या चुका किरकोळ नसतात. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितले की, त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये दरवर्षी दुरुस्त कराव्या लागणाऱ्या सुरक्षेच्या त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी अशा मेमरीच्या गोंधळातून येतात.

लिफ्ट बंद पडली म्हणून

आता कॅनडातली गोष्ट. २००६ साली ग्रेडन होअर हा २९ वर्षांचा प्रोग्रॅमर व्हँकूवरमध्ये राहत होता. एके दिवशी तो घरी आला तेव्हा इमारतीची लिफ्ट बंद होती. तिचे सॉफ्टवेअर कोलमडले होते, आणि तेही पहिल्यांदा नव्हे. त्याचे घर एकविसाव्या मजल्यावर! जिने चढता चढता त्याला राग आला तो या गोष्टीचा की, आपण कॉम्प्युटरवाले एक धड चालणारी लिफ्ट बनवू शकत नाही. लिफ्टसारख्या यंत्रांतले प्रोग्रॅम बहुधा सी किंवा सी-प्लस-प्लसमध्ये लिहिलेले असतात आणि मेमरीच्या चुका तिथे सहज शिरतात, हे त्याला माहीत होते. त्याने फावल्या वेळात एक नवी भाषा आखायला सुरुवात केली. तिचे नाव रस्ट.

रस्ट म्हणजे लोखंडाचा गंज, असा माझा रसायनशास्त्रज्ञ म्हणून समज व्हावा हे साहजिक आहे. पण होअरने नाव घेतले ते पिकांवर पडणाऱ्या बुरशीवरून. आपल्याकडे गव्हावर पडतो तो तांबेरा! वाटेल त्या हवामानात तग धरण्याची त्या बुरशीची चिकाटी त्याला आवडली. आपल्या शेतकऱ्याला तांबेऱ्याचे असे कौतुक वाटेल का, याची शंका आहे. असो.

होअरची नोकरी मोझिला कंपनीत होती. कंपनीने २००९ मध्ये या कामाला पाठबळ दिले, २०१० मध्ये ते जाहीर झाले आणि १५ मे २०१५ रोजी भाषेची पहिली पक्की आवृत्ती निघाली. या काळात रस्टने आपले सामान कमी केले, ही आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. सुरुवातीच्या रस्टमध्ये सफाई कामगारही होता आणि एकाच वेळी अनेक कामे चालवणारा स्वतःचा मुकादमही होता. २०१४ संपेपर्यंत दोघांनाही निरोप देण्यात आला. तसे झाले नसते तर ही भाषा मायक्रोकंट्रोलरच्या खोलीत कधीच शिरू शकली नसती.

पातेल्याचा हिशेब

मग मेमरी सांभाळते कोण? कंपायलर. आपण लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या आज्ञांमध्ये रूपांतर करतो तो कंपायलर. रस्टचा कंपायलर ते करण्याआधी प्रत्येक पातेल्याचा हिशेब मागतो. नियम मोजके आहेत. प्रत्येक वस्तूचा मालक एकच. वस्तू उसनी देता येते, पण मालक गाव सोडण्यापूर्वी ती परत आलेली असली पाहिजे. आणि तिसरा नियम पॉटलकच्या यादीसारखा: यादी एकाच वेळी हव्या तितक्यांनी वाचावी, पण कोणी लिहीत असेल तर त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या हातात ती नको. यातला एकही नियम मोडला तर कंपायलर प्रोग्रॅम तयारच करत नाही.

हा सगळा तगादा आपल्या टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, आधीच होऊन जातो. छोट्या चिपवर जातात त्या फक्त तपासून झालेल्या आज्ञा. त्यामुळे मालकीच्या या हिशेबासाठी त्या दोन किलोबाइटमधला एक बाइटही खर्च होत नाही. कपाटाचा कितवा कप्पा उघडतो आहोत हे मात्र काही वेळा चालू असतानाच तपासावे लागते, आणि त्याची थोडी किंमत मोजावी लागते.

दोन बॅगांत काय भरायचे?

मोठ्या कॉम्प्युटरवर बसून दुसऱ्याच जातीच्या चिपसाठी प्रोग्रॅम तयार करणे याला क्रॉस कंपायलिंग म्हणतात. कंपायलरला चिपच्या जातीचे नाव सांगावे लागते. आर्म कॉर्टेक्स-एम जातीच्या चिपसाठीच्या या नावात मधोमध 'नन' असा शब्द येतो. अर्थ असा की, ऑपरेटिंग सिस्टीम नाही. तिथे आपले कोणी नाही!

मग फाइलच्या पहिल्याच ओळींत 'नो-स्टँडर्ड' अशी सूचना लिहायची. म्हणजे फाइली, नेटवर्क वगैरे पुरवणारे भाषेचे मोठे ग्रंथालय घरीच राहते आणि 'कोअर' नावाचा गाभा तेवढा बरोबर येतो: आकडेमोड, तुलना, यादीवरून फिरणे एवढेच. तरीही दोन गोष्टी आपल्याला स्वतः पुरवाव्या लागतात.

पहिली, घर लावणे. वीज आली की चिप एका ठरलेल्या कोष्टकातून सुरुवातीचा पत्ता वाचते. तिथला छोटा मजकूर चलांच्या आरंभीच्या किमती कायमच्या साठ्यातून मेमरीत उतरवतो, उरलेल्या चलांत शून्य भरतो, आणि मगच आपला मुख्य प्रोग्रॅम सुरू होतो. तो कधीही संपत नाही, कारण संपून परत जायला घरच नाही! दुसरी गोष्ट, आणीबाणीत काय करायचे ते. प्रोग्रॅम अडकला तर पुन्हा सुरू व्हायचे की हीटर बंद करून स्वस्थ बसायचे, हे लिहून दिल्याशिवाय प्रोग्रॅम पुरा होत नाही. मला हा नियम फार आवडतो. लॅपटॉप अडकला तर आपण वैतागतो. फर्नेस अडकली तर काय व्हावे, हे आधीच ठरलेले असले पाहिजे.

यानंतर लिंकर न लागणारा सर्व भाग छाटून टाकतो. एक दिवा लुकलुकवणारा प्रोग्रॅम मग थोड्याशा किलोबाइटांत बसतो.

एका बाइटची किंमत

हे सर्व कशासाठी, असे कोणी म्हणेल. मी पूर्वी काम करत असलेल्या एका प्रयोगशाळेत तेल तापवण्याच्या भांड्याचा नियंत्रक एका रात्री गोठला. आकडा तोच दाखवत राहिला आणि हीटर चालूच. वेगळा बसवलेला साधा फ्यूज वितळला म्हणून आग लागली नाही.

सर्वांकडे असा फ्यूज नसतो. कॅनडाच्या अणुऊर्जा महामंडळाने, म्हणजे एईसीएलने, कर्करोगावर किरणोपचार करणारे थेरॅक-२५ हे यंत्र बनवले होते. आधीच्या यंत्रांतले स्वतंत्र सुरक्षा-खटके त्यातून काढून टाकून ते काम सॉफ्टवेअरवर सोपवले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात सहा रुग्णांना किरणांची भयंकर जादा मात्रा मिळाली. काही जण त्यातच दगावले. सहापैकी एक अपघात आपल्या आँटेरिओतल्या हॅमिल्टनमध्ये, जुलै १९८५ मध्ये झाला. यंत्र थांबून "मात्रा दिली नाही" असे दाखवत होते, म्हणून चालकाने नेहमीप्रमाणे पुढे चालू करण्याची कळ पुन्हा पुन्हा दाबली. तिथले नेमके कारण शेवटपर्यंत सिद्ध झाले नाही.

टेक्ससमधल्या टायलर गावच्या १९८६ च्या दोन अपघातांचे कारण मात्र सापडले. चालकाने माहिती झटपट दुरुस्त केली, आणि यंत्रातल्या दोन कामांनी एकच माहिती एकमेकांना न विचारता वापरली. पॉटलकची यादी दोघांच्या हातात! जानेवारी १९८७ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमात वेगळीच गोष्ट घडली. तिथे "तपासणी बाकी आहे" ही खूण एका बाइटमध्ये ठेवली होती आणि दर फेरीत तीत एक मिळवला जात असे. एका बाइटमध्ये २५५ पर्यंतच आकडा मावतो. २५६ व्या वेळी शून्य येई, आणि शून्याचा अर्थ होता "तपासणी नको". नेमक्या त्या क्षणी कळ दाबली गेली.

रस्ट असती तर हे टळले असते का? प्रामाणिक उत्तर: सगळे नाही. मेमरीतला मजकूर दोघांनी एकाच क्षणी बदलण्याला कंपायलर हरकत घेतो, पण कामांचा क्रमच चुकीचा आखला असेल तर ते त्याला कळत नाही. बाइट भरून वाहिल्याची चाचणी तो सरावाच्या आवृत्तीत करतो, पण अंतिम आवृत्तीत ती आपण मुद्दाम चालू ठेवावी लागते. हार्डवेअरशी थेट बोलताना 'अनसेफ' असे लिहून कंपायलरची नजर काही ओळींपुरती बाजूला करावी लागते. आणि काढून टाकलेले खटके कुठलीही भाषा परत बसवत नाही. भाषा चुकांची संख्या कमी करते. फ्यूज हवाच.

तरीही जग या बाजूला सरकते आहे. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या गाभ्यात रस्टला प्रवेश मिळाला. २०२३ मध्ये फेरोसीन या रस्ट कंपायलरला मोटारींच्या सुरक्षिततेच्या मानकाचे प्रमाणपत्रही मिळाले.

आपल्या मुलांसाठी

ज्यांची मुले आठवी-नववीच्या पुढे आहेत, त्यांनी मायक्रोबिटची दुसरी आवृत्ती जरूर आणावी. तीत १२८ किलोबाइट मेमरी आहे, म्हणजे ऊनोच्या चौसष्ट पट, आणि वर पंचवीस लाल दिवे. ती वापरून रस्ट शिकवणारे 'डिस्कव्हरी' नावाचे पुस्तक फुकट मिळते. कंपायलर सुरुवातीला खूप ओरडतो. मुलांना सांगा की तो आजीसारखा आहे. बाहेर पडण्यापूर्वी स्वेटर, टोपी, हातमोजे सगळे तपासतो. राग येतो, पण सर्दी होत नाही.

दहा-बारा नावे आली तर शनिवारच्या मराठी शाळेनंतर दोन-दोन तासांचे तीन वर्ग घेण्याची माझी तयारी आहे. नावे पुढच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलापाशी माझ्याकडे द्यावीत. लॅपटॉप आणि बोर्ड ज्याने त्याने आणायचे, चहा-चिवडा मंडळाचा. आई-वडिलांनीही बसायला हरकत नाही. पहिल्या दिवशी एक लाल दिवा लुकलुकला तरी पुष्कळ झाले.