काळ्या-पांढऱ्या फोटोची साक्ष

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील काही घरांत लष्करी पोशाखातील माणसाचा जुना फोटो अजून भिंतीवर आढळतो. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्याची संख्या सुमारे 25 लाखांवर गेली होती. त्यांतील पुष्कळांना भाकरीनेच तिकडे नेले. असे फोटो रंगविण्याची विद्या आम्ही पन्नाशी उलटल्यावर शिकू लागलो. आमचा व्यवसाय कामगार संघटनेचा, शाळा बेताची. शिकताना जे उमगले ते येथे सांगावयाचे आहे.

काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग दडलेला असतो काय? नसतो. फिल्मवर उजेडाचे प्रमाण तेवढे उमटते. लाल आणि हिरवा सारखेच उजळ असले, तर दोन्ही एकाच राखी छटेचे येतात. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटला तर लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. कुंकू काळे येई, निळे आभाळ पांढरे पडे. तेव्हा छटेवरून रंग ओळखता येतो, हा समज खोटा आहे.

पूर्वी स्टुडिओतले कारागीर फोटोवर हाताने रंग चढवीत. रंग पारदर्शक असला तर खालचा फोटो दिसत राही. जाड असला तर माणूस झाकून चित्रच उरे. आज संगणकावर मूळ फोटोची प्रत घेतात आणि तिच्यावर रंगाचा वेगळा थर देतात. उजेड-सावली फोटोची, रंग तेवढा आपला. आपोआप रंग भरणारे यंत्रही निघाले आहे. लाखो चित्रांवरून ते अंदाज बांधते; पण ‘मला ठाऊक नाही’ असे काही म्हणत नाही.

आमची चूकच सांगतो. इंदापूर तालुक्यातील एका कामगाराने आजोबांचा फोटो आणला. मागे 1946 साल लिहिलेले. आजोबा ब्रह्मदेशात लढले, असे घरात सांगत. आम्ही छातीवरच्या फितीला ब्रह्मदेशच्या पदकाचे रंग दिले: गडद निळा, मध्ये लाल, दोहों बाजूंस नारिंगी रेघ. पुढे भिंगाखाली पाहतो तो फितीत सारख्या रुंदीचे पाच पट्टे! ब्रह्मदेशच्या फितीत उजळ रेघा बारीक आणि मधला गडद भाग रुंद असतो. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पाच समान पट्टे इटलीच्या पदकाचे. छटेने फसविले, रुंदीने खरे सांगितले.

इटलीतच मराठा पलटणीच्या यशवंत घाडगे यांना 10 जुलै 1944 रोजी वीरमरण आले आणि 9 एप्रिल 1945 रोजी नामदेव जाधव यांनी पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

आम्ही त्या घरी गेलो. सैनिकाची मुलगी आता ऐंशीच्या घरात आहे. ती म्हणाली, “भाऊ, आबा बर्फाचं सांगायचे. रात्रभर बर्फात उभं राहिलो म्हणायचे. आमाला वाटायचं, ब्रह्मदेशात बर्फ आसंल.”

“मावशी, फोटोत आईच्या अंगावरचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं?” आम्ही विचारले.

“तवा मी मांडीवर होते. मला काय ठावं?”

यंत्राने ते लुगडे निळे केले होते. आम्ही तो निळा काढून टाकला आणि लुगडे राखीच ठेवले. नातवाला फोटो अपुरा वाटला. पण हजेरीपटात न भरलेला दिवस मांडू नये आणि भरलेला खोडू नये, हे आम्ही जन्मभर भांडून शिकलो आहोत. येथेही तोच नियम. मूळ फोटोला हात लावू नये. प्रत्येक रंगाला साक्षीदार शोधावा. तो कोण, हे प्रतीच्या मागे लिहावे. आणि साक्षीदार नसेल तेथे राखी रंगच राहू द्यावा. नाहीतर आपला अंदाज पुढच्या पिढीच्या घरात इतिहास म्हणून टांगला जाईल.