हाती आलेला मासा सोडताना

आपल्याकडे मासा गळाला लागला की त्याची वाट ठरलेली असते. आधी सुरी, मग हळद-मीठ, मग तवा किंवा सालन. म्हणून पश्चिम कॅनडातील एक रीत ऐकली की आपण चक्रावतो. ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तर भागात मार्च-एप्रिलमध्ये लोक लांबलांबून येतात, परवान्याचे पैसे भरतात, बर्फासारख्या पाण्यात तासन्‌तास उभे राहतात आणि अखेर लागलेला पाच किलोचा मासा पुन्हा नदीत सोडून देतात. आपल्या घरातले मूल लगेच विचारील, ‘सोडायचाच होता, तर पकडला कशाला?’ प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर शोधू या.

या माशाचे नाव स्टीलहेड, म्हणजे पोलादी डोक्याचा. काश्मीरला गेलेल्या वाचकांनी तिथला ट्राउट चाखला असेल. त्यातलाच रेनबो ट्राउट आणि हा स्टीलहेड, दोघांची जात एकच. फरक एवढाच, की रेनबो ट्राउट जन्मभर गोड्या पाण्यात राहतो, तर स्टीलहेड नदीत जन्मतो, तिथे काही वर्षे वाढतो, मग समुद्रात उतरतो. उत्तर पॅसिफिकमध्ये एक ते तीन वर्षे भटकून तो अंडी घालण्यासाठी आपल्याच नदीत परततो. जन्मस्थळाच्या पाण्याचा वास त्याला वाट दाखवतो.

स्कीना ही तिथली मोठी नदी, लांबी सुमारे ५७० किलोमीटर. प्रिन्स रुपर्ट शहराच्या दक्षिणेला ती समुद्राला मिळते. तिच्या काठावरील टेरेस गावाजवळ केलम ही उपनदी येऊन मिळते. वसंतात गळकरी इथेच जमतात. काठावर अजून बर्फ असतो आणि पाणी शून्याच्या जेमतेम वर. छातीपर्यंत येणारा रबरी पोशाख घालून, बारा-चौदा फुटी काठी दोन्ही हातांनी फिरवून ते पिसांची आणि रंगीत दोऱ्यांची खोटी माशी प्रवाहात फेकतात. नदीत आल्यावर हा मासा फारसे खातच नाही. त्यामुळे फेक, वाट पाहा, दोन पावले पुढे सरक, पुन्हा फेक. गळकरी त्याला ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात. सब्राचीच परीक्षा ती!

मासा लागला तरी नियम कडक आहेत. गळाच्या टोकामागे उलटा काटा असता कामा नये. मासा जितक्या लवकर काठाशी आणता येईल तितका बरा, कारण दमलेला मासा सोडूनही वाचत नाही. अंगावरचा बुळबुळीत थर त्याचे रक्षण करतो, म्हणून हात ओले करूनच त्याला धरायचे. कल्ल्यांना बोट लावायचे नाही, पाण्याबाहेर उचलायचे नाही. नैसर्गिकरीत्या वाढलेला स्टीलहेड सोडून देणे ही तिथे कायद्याने सक्ती आहे.

कारण त्याच्या पोटात आहे. वसंतातील मादी गाबोळीने भरलेली असते. थोड्याच आठवड्यांत ती शेपटीने वाळूगोट्यांत खड्डा करून हजारो अंडी घालणार असते. पॅसिफिकचे सामन मासे अंडी घातल्यावर मरून जातात. स्टीलहेडमधले काही मात्र जगतात, समुद्रात परततात आणि पुन्हा एकदा नदी चढून येतात. अशा माशाला मारणे म्हणजे आजच्या घासासाठी पुढच्या दोन खेपा बुडवणे.

तरीही या रीतीवर आक्षेप आहेत. स्कीनाच्या काठी सिमशियान, गित्क्सान, वेट्सुवेटेन हे मूळ निवासी समाज पिढ्यान्‌पिढ्या राहतात. मासा ही त्यांची रोजी आहे, हौस नव्हे. खाण्याच्या जिवाला पकडून दमवणे आणि सोडणे म्हणजे अन्नाशी खेळणे, असे त्यांच्यातील अनेकांना वाटते. ते खोटे कसे म्हणावे? कितीही काळजी घेतली तरी सोडलेल्यांपैकी थोडे मासे मरतातच.

शिवाय गळकऱ्याने सोडले म्हणून मासा वाचतोच असे नाही. समुद्राचे तापणारे पाणी, सामनसाठी लावलेल्या जाळ्यांत होणारी अडकण, जंगलतोडीने बिघडलेले ओढे, या साऱ्यांचा भार त्याच्यावर आहे. २०२१ मध्ये स्कीनात परतणारे स्टीलहेड इतके घटले की शरद ऋतूत त्यांची गळमासेमारीच बंद करावी लागली. दक्षिणेकडे थॉम्प्सन नदीचा स्टीलहेड एकेकाळी जगप्रसिद्ध होता. २०१८ मध्ये तज्ज्ञांच्या समितीने त्याचे अस्तित्व धोक्यात असल्याचे जाहीर केले, तेव्हा अंडी घालायला परतणारे मासे दोनशेच्याही आत आले होते. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने त्याला संरक्षित यादीत घालण्यास नकार दिला.

मग मुलाला काय सांगायचे? हेच, की सोडणे चांगले, पण ते पुरेसे नाही. कधीकधी गळच घरी ठेवावा लागतो. हा धडा आपल्याला परका नाही. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, ती याच कारणासाठी. त्या दोन महिन्यांत कोळी आणि दालदी कुटुंबांची चूल जड जाते. आपल्याला फक्त ताटातला मासा बदलावा लागतो. तेवढ्या काळात बाजारात चोरून आलेली गाबोळीची मासळी स्वस्त मिळाली, तरी ती न घेण्याइतका सब्र आपल्या पिशवीलाही हवा.